उतरलेली डिग्री

सेक्रेटरींनी आईच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि डेअरीतल्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पाणी घातलं की डिग्री उतरते, वैनी. तुमची उतरलीय, म्हणजे पाणी घातलंय.”

मी तोंड उघडताच आईनं नेहमीसारखं माझं मनगट दाबलं. मी ते सोडवून घेतलं.

“पाणी घातलं तर उतरते, कबूल. पण उतरली म्हणजे पाणीच घातलं, हे कशावरून? दूध गरम असलं तरी उतरते. आत्ताच धार काढलीय. गार करून बघा.”

त्यांनी किटली पाण्यात ठेवली. गार दुधाची डिग्री बरोबर भरली.

“एवढं बोलायला कुणी शिकवलं हिला?” ते पुटपुटले.

“मी तर गप्प बसायलाच शिकवलं होतं,” आई मोठ्यानं म्हणाली. “हे तिचं ती शिकली!”