वर आलेले दाणे

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि पाण्यानं भरलेली एक बादली नजरेसमोर आणा. नागपुरातल्या एका शाळेचं अंगण. शनिवारची सकाळ. विटांच्या चुलीवर मोठ्या गंजात पाणी तापतं आहे. बादलीजवळ तुळसाबाई उभी आहे. रोज ती शाळेची घंटा देते, आज ती रस्सा करणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत एक रीत होती. प्रत्येक मुलानं घरून मूठभर कडधान्य आणायचं, आपल्या हातानं बादलीत टाकायचं आणि काय आणलं ते मोठ्यानं सांगायचं. मग सगळ्यांचा मिळून एकच रस्सा.

"बरबटी!" श्रीधर ओरडला.

"मसूर!"

"लाखोळी," प्रेमिला हळूच म्हणाली. तिच्या मुठीत एकही खडा नव्हता. घरातले दाणे तेवढेच होते, ते तिनं निवडून आणले होते. त्या दिवशी ती काही न खाताच आली होती.

शेवटी गोपिका आली. तिचे वडील मधुकरराव, मोठे दुकानदार. तिच्या हातात मूठ नव्हती, भरलेली पिशवी होती.

"वाल!" ती म्हणाली. "सगळ्यायपेक्षा जास्त आमच्याच घरचे." आणि तिनं पिशवी उपडी केली.

बाकीचे दाणे खाली बसले होते. गोपिकाचे वाल वर आले. जवळजवळ सगळेच. प्रत्येकाला गोल भोक. एका भोकातून पांढरी अळी अर्धी बाहेर आली आणि वळवळू लागली. काळे किडे पाय झाडत बादलीच्या कडेवर चढले. वास सुटला, ओल्या पोत्यासारखा.

"आता मटणाचा रस्सा होते गा!" श्रीधर ओरडला. कोणीतरी खरोखरच ओकलं.

"चूप!" तुळसाबाईनं झाऱ्यानं वरचे दाणे काढून कागदावर टाकले. खालचे दाणे चार पाण्यांनी धुतले आणि गंजात घातले. गोपिकाकडे पाहून ती म्हणाली, "तुह्या मायनं पाह्यलं नसन वं."

पण आईनं पाहिलं होतं. सकाळी पिशवी भरताना गोपिकानंच डब्यातला किडा दाखवला होता. आई म्हणाली होती, "शाळेतच त द्यायचं आहे. एकदा शिजलं का कोणाले दिसते?"

दोन तासांनी रस्सा झाला. लसणाची फोडणी, काळा मसाला, वरून कोथिंबीर. वास सगळ्या अंगणात पसरला. पंगत बसली, ताटं वाढली. पण हात कोणाचाच पुढे जाईना. फोडणीतली मोहरी रश्श्यावर तरंगत होती आणि तिचा प्रत्येक दाणा किड्यासारखा दिसत होता.

"चांगले धुतले आहेत दाणे, खाऊन त पाहा," तुळसाबाई एकेकापाशी जाऊन सांगत होती.

प्रेमिलानं बोट बुडवलं. बोटाला एक मोहरी चिकटली. ती बराच वेळ त्या मोहरीकडे पाहत राहिली, मग तिनं बोट फ्रॉकला पुसलं आणि ताट सरकवलं.

गोपिका उठली. कागदावरचे दाणे तिनं ओंजळीनं पिशवीत भरले. एक किडा मनगटावरून चढत होता, तिनं तो झटकला नाही. पिशवीला गाठ मारली आणि ती घरी गेली.

"काहून आली वं इतक्यात?" आई म्हणाली. "झाला का रस्सा? काय म्हणत होते आपल्या वालाले?"

गोपिका सरळ शेगडीपाशी गेली. शेगडीवर घरच्या वरणाची डाळ रटरटत होती. तिनं झाकण काढलं, पिशवीची गाठ सोडली आणि पिशवी त्यात उपडी केली.

"अवं, हे काय करून राहिली!" आई धावत आली. पातेल्यात डोकावून तिनं पदर नाकाला लावला. "शी! फेक ते आधी!"

गोपिकानं झाकण परत ठेवलं.

"शिजू दे ना आई. एकदा शिजलं का कोणाले दिसते?"

मग तिनं फळीवरून ताटं काढली आणि एकेक करून मांडायला लागली. पहिलं आईचं.