नकाशातला रस्ता

वैशाखातल्या रणरणत्या उन्हात शेजारच्या बांधावरून लक्षुंबाई म्हणाल्या, "सायेब, जागा घ्यायच्या आधी एकदा श्रावणात येऊन बघा. ह्यो रस्ता न्हाई, वढा हाय."

निवृत्त मोजणीदार वाघचौरे हसले. हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही, हे त्यांना पाठ होतं. सातबारा चोख होता, विहिरीला पाणी होतं आणि जुन्या गावनकाशात थेट जागेपर्यंत रस्ता होता, वर सरकारी शिक्का. त्यांनी खरेदीखत केलं.

श्रावणात घराच्या पायासाठी आणलेल्या दगडांचा ट्रक ओढ्याच्या कंबरभर पाण्याशी थांबला.

"हा नकाशा कोणत्या गाढवानं काढला?" वाघचौरे कडाडले.

लक्षुंबाई बांधावरच होत्या. "नाव ठावं न्हाई. पोरगेलासा सायेब व्हता. ऊन लई, म्हनून आमच्या चिंचेखाली ताक पीत बसला आन् तिथूनच रेघ वढली."

वाघचौरेंनी नकाशा डोळ्यांजवळ धरला. शिक्क्याखालची पुसट सही ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. तीच सही त्यांनी खरेदीखतावरही केली होती.

त्यांचा घाम बघून लक्षुंबाई म्हणाल्या, "दमलासा जनू. ताक आनू?"