आईच्या हातचं

मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत सुटलेल्या पोटावरून झापल्यापासून हवालदाराने डॉक्टरने दिलेला कॅलरींचा तक्ता कोठडीसमोरच्या भिंतीवर चिकटवला होता. जेवढं खाल तेवढं जाळा, असं त्यावर लिहिलेलं. पळायला गुडघे साथ देत नव्हते आणि खाणं काही सुटत नव्हतं. त्यात कोठडीत सायकलचोरीच्या संशयावरून आणलेला गोरक्ष होता, आणि त्याची आई कुसाबाई रोज कळवणहून एसटीने नाशिकला डबा घेऊन यायची. तपासायचा म्हणून तो टेबलावर ठेवून घेतला जायचा. तिची पाठ वळली की हवालदार डबा चाटूनपुसून खायचा, तक्ता वाचायचा आणि पट्टा घेऊन कोठडीत शिरायचा. भाकरीला दहा फटके, लाडवाला पंचवीस. बनियन घामाने भिजली की थांबायचा.

"आई लय चवीचं करते रे तुझी," तो धापा टाकत म्हणायचा, "पण अंगावर येतं."

पाचव्या दिवशी गोरक्ष कसाबसा गजांना धरून उभा राहिला. "आये, उद्यापासून लाडू नको, तूप नको. कोरडी भाकर आण. मला सोसत नाय."

कुसाबाई त्याच्या फुटलेल्या ओठाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन डबे आणले. कोरड्या भाकरीचा एक. दुसरा, चांगला मोठा, हवालदाराच्या पुढ्यात ठेवून तिने हात जोडले.

"साहेब, हे सारं तुपातलं तुमच्यासाठी केलंय. पोटभर खा, पण माझ्या पोराला मारू नका."