सव्वा मूठ जास्तीची

कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे असतात. सीमेवर लढाई पेटल्यापासून फौजेतल्या नवलचा फोन नव्हता. लोटनआबांना तर पोराचं नाव काढायचीही धास्ती वाटे. त्यांच्या बायकोनं, ताईबाईनं मात्र आबांचे गहू घेतले, नवलचे घेतले आणि वर आणखी सव्वा मूठ घेतली.

"ह्या कोना?" आबांनी विचारलं.

"नवलना पोऱ्याना."

"अवं, त्यानं आजून लगीन नही शे!"

"यी ना तो घर, मंग करी लगीन."

घरात खाणारी तोंडं दोनच. चौथ्या दिवशी नातवाच्या वाट्याचा शेवटचा घास कसाबसा नरड्याखाली ढकलून आबांनी कानबाईला हात जोडले, "माय, नवलले सुखरूप आन. पन नातू एकच दिजो!"