बाटलीतलं दार

स्फोटानं मनाला हादरा बसला, म्हणून भास्करला फौजेची अपंगत्व पेन्शन लागली होती. तरी चिखलीत विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून तो बी.ए. शिकत होता. "पेन्शन हाय, मंग हा कुटाणा काऊन?" लोक विचारत. बायको उसळायची, "पेन्शन जखमेची हाय, घरी बसाची नाही!" परीक्षेत त्याचा नंबर पहिल्या बाकावर आला, दार नेमकं पाठीमागे. स्फोटापासून तो दाराकडे पाठ करून कुठंच बसला नव्हता. बायकोनं स्टीलची बाटली राखेनं आरशासारखी घासून दिली, "हिच्यात दार पाहत जा." बाटलीतलं इवलंसं दार न्याहाळत त्यानं पहिलं उत्तर लिहिलं. तीन तासांनी फाटकात बायकोनं विचारलं, "दिसत होतं ना दार?" भास्कर थबकला. पुरवणीला जागा हवी म्हणून त्यानंच बाटली बाकाखाली ठेवली होती. तो हसत सुटला, "बाटली तं वर्गातच राह्यली वं!"