पानाच्या डब्याचं झाकण

मोतीराम म्हणवणारा माणूस मोरीत अंघोळीला बसला, तशी वनमालानं कोनाड्यातलं त्याचं घड्याळ उचललं.

"काऊन हात लावून राह्यली वं त्याले?" तिच्या आईनं, सोजरबाईनं, चुलीपासून विचारलं.

"पाह्यतो. बाबाचंच हाय का नाई ते."

तिचा भाऊ मोतीराम घर सोडून गेला त्याला पंधरा वर्षं झाली होती. बापाचं घड्याळही तेव्हापासून कुणाला दिसलं नव्हतं. अन् आता हा दाढीवाला तामसी गावात उतरतो काय, आई त्याला पोटाशी धरते काय! निरोप आला तशी वनमाला उटनूरच्या कचेरीत रजा टाकून पहिल्या बसनं आली होती. तोंडावळ्यावरून काही कळेना. जुनं काही विचारावं तर म्हणे, लई इसरलो. वा रे वा!

आई मात्र पोटभर जेवत होती, शेजारणीशी हसून बोलत होती. वनमालाला भीती वाटत होती ती आईच्या या आनंदाचीच. हा लबाड असेल तर त्याला आजच्या आज हाकलायचं, हे तिनं ठरवलं होतं. पण मग आईचं काय होईल, हे तिला कळत नव्हतं.

तिचा बाप दौलत आदिलाबादच्या बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करायचा. लहानपणी त्याच्या टेबलाशी बसून ती जुन्या घड्याळांची पारख शिकली होती. तिनं त्याची हत्यारांची पेटी काढली अन् भिंग डोळ्याला लावलं.

तबकडी पुन्हा रंगवलेली, आकडे जाडेभरडे. चावी दुसऱ्याच कंपनीची. सेकंदकाटा बायकी घड्याळातला, रेघांपर्यंत पोचतसुद्धा नव्हता. असली सोंगं बाजारात ढिगानं मिळतात. वनमालाला संताप आला.

"माय, यात धड एक वस्तू मूळची नाई."

सोजरबाई भाकर थापत राहिली.

वनमालानं मागचं झाकण उघडलं अन् तिचा हात थांबला. मशीनभोवती पितळेचं कडं होतं, हातानं कापलेलं. त्यावर फुलाची अर्धी नक्षी होती. मशीन आत ढिलं बसत होतं म्हणून बापानं आईच्या पानाच्या डब्याचं झाकण कापलं होतं, अन् आईनं आठवडाभर त्याचा उद्धार केला होता.

बापाची रीतच ती. गिऱ्हाइकाला चांगला माल, स्वतःला उरलंसुरलं. तो आखूड काटा त्याचाच, ते जाड आकडेही त्यानंच रंगवलेले. या घड्याळात सगळं मूळचं निघालं असतं, तर तेच खोटं ठरलं असतं.

वनमालाला रडू आवरेना. सख्ख्या भावाला आपण चोर समजत होतो, याची तिला लाज वाटली.

"माय वं, बाबाचंच हाय! आपला मोतीरामच हाय तो. म्या उगाच शक घेतला."

सोजरबाईनं तव्यावरची भाकर उलटली. मोरीत पाण्याचा आवाज येत होता.

"हळू बोल," ती म्हणाली. "मोतीराम कुठं घिऊन गेलता ते? तो येईन तवा देईन म्हून म्याच लुगड्यात गुंडाळून ठिवलतं. हा आला तवा याचा हात रिकामा होता. तू याले हाकलशीन म्हून म्याच याच्या हाताले बांधलं."