नकाशात चुकून आलेला उंचवटा

"काका, मूळ डोंगरावर हा उंचवटा नव्हता. मापातली चूक दिसतेय. यंत्र आजच सपाट करून टाकेल," तेजल म्हणाली.

नीळकंठराव उंचवट्याकडे पाहत होते. उष्म्याने मूळ उतार करपू लागला, तेव्हा विमानातून त्याचं इंचन् इंच माप घेतलं गेलं आणि यंत्रांनी लडाखच्या या अधिक उंच माथ्यावर तो तसाच्या तसा घडवला. जमिनीला तेच खळगे, तेच आडोसे मिळाले, तर बर्फ तसाच साठेल आणि तीच झाडं रुजतील, ही कल्पना नीळकंठरावांच्या पत्नीची, मंदाकिनीची. उतार पुरा झालेला पाहायला मात्र ती उरली नाही.

"माप घ्यायला विमान आलं तेव्हा ती तिथे, मूळ उतारावर, पालथी पडून फुलं बघत होती," ते म्हणाले. "मी उठ म्हणून ओरडलो, तर मलाच म्हणाली, 'बोंबलताय काय! इकडे येऊन आडवे व्हा, वारा लागत नाही.'"

तेजलने पुन्हा पाहिलं. खांदा, कंबर, दुमडलेला गुडघा. बी सगळ्या उतारावर पेरलं होतं; पण निळी फुलं आली होती ती फक्त त्या खांद्याआड, जिथे बर्फाची चिंचोळी पट्टी अजून टिकून होती.

ती यंत्र थांबवायला गेली.

नीळकंठरावांनी कानटोपी काढली. फुलं चुकवत ते उंचवट्याला लागून हळूच आडवे झाले.

खरंच, वारा लागत नव्हता.